एकेचाळीस नकाशे आणि दोन आद्याक्षरे : कोल्हापुरातील एक प्रकरण

मी कोल्हापुरातील एका वास्तुकला महाविद्यालयात इतिहास शिकवते. गेल्या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी ८ मार्चला धरून वास्तुकला आणि डिझाइन या क्षेत्रांत वाट पाडणाऱ्या स्त्रियांवर प्रदर्शन करायचे ठरवले. दसरा चौकातील शाहू स्मारक भवनाचे दालन तीन दिवसांसाठी मिळाले, अठरा फलकांची आखणी झाली आणि पहिल्याच बैठकीत पेरिन मिस्त्री, मिनेट डी सिल्वा, आयलीन ग्रे, झाहा हदीद ही अपेक्षित नावे पुढे आली. अशा नावांनी सतरा फलक भरले. अठरावा फलक ‘आपल्या गावातील कोणी’ एवढेच लिहून मोकळा ठेवला होता. त्या एका फलकाचे काय झाले ते येथे सविस्तर नोंदवत आहे, कारण त्याने उरलेल्या सतरा फलकांपैकी बहुतेकांचा मजकूरही आम्हाला बदलायला लावला.

दुसऱ्या बैठकीला एक विद्यार्थिनी राजारामपुरीतील आजोबांच्या घराच्या माळ्यावरून पत्र्याचे एक लांब नळकांडे घेऊन आली. तिच्या आत्याआजी, म्हणजे आजोबांच्या धाकट्या बहीण, एके काळी ‘नकाशे काढायच्या’ एवढेच घरात सांगितले जात असे. नळकांड्यात एकेचाळीस ट्रेसिंग, म्हणजे पारदर्शक कागदावर शाईने काढलेले नकाशे, होती आणि काही अमोनिया प्रिंट, म्हणजे त्यांच्या प्रती, होत्या. प्रिंटवरच्या रेषा विटून जवळजवळ दिसेनाशा झाल्या होत्या, पण ट्रेसिंगवरची शाई अजून काळीभोर होती. कागदाच्या कडा पिवळ्या पडून कुरकुरीत झाल्या होत्या आणि उलगडताना दोन ठिकाणी फाटल्याही. खिडकीच्या काचेवर कागद धरून पाहिल्यावर जेथे रेषा चुकली होती तेथे ब्लेडने शाई खरवडलेली आणि नवी शाई फुटू नये म्हणून ती जागा नखाने घोटून गुळगुळीत केलेली दिसत होती. संगणकावर वाढलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनी असे दुरुस्त केलेले ड्रॉइंग हातात कधी घेतले नव्हते, आणि त्या खरवडलेल्या जागांवरून ते बराच वेळ बोट फिरवत राहिले.

प्रत्येक कागदाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात नेहमीप्रमाणे टायटल ब्लॉक होता. सर्वांत वर स्टेन्सिलच्या मोठ्या अक्षरांत शहरातील एका जुन्या इंजिनिअर कार्यालयाचे नाव, त्याखाली घरमालकाचे नाव, स्केल, तारीख, आणि अगदी तळाशी ‘ड्रॉन’ (कोणी काढले) आणि ‘चेक्ड’ (कोणी तपासले) असे दोन लहान रकाने. ‘चेक्ड’च्या रकान्यात सर्वत्र कार्यालयाच्या मालकांची एकच लफ्फेदार सही होती. ‘ड्रॉन’च्या रकान्यात सतरा कागदांवर एम. जी. आणि चोवीस कागदांवर एस. आर. अशी आद्याक्षरे होती. विद्यार्थ्यांनी सरळ दोन गठ्ठे केले आणि त्या कार्यालयात दोन ड्राफ्ट्समन, म्हणजे आरेखक, होते असे वहीत लिहून टाकले. आत्याआजींचे आजचे नाव दुसऱ्या आद्याक्षरांशी जुळत होते, त्यामुळे चोवीस कागद त्यांचे आणि सतरा कागद कोणा अनोळखी पुरुषाचे ठरले. तो पुरुषच असणार याबद्दल कोणी शंकाही घेतली नाही. मी स्वतःही घेतली नाही, हे येथे लिहिले पाहिजे.

शंका आली ती तारखांवरून. एम. जी. यांचा शेवटचा कागद एप्रिल १९७५ चा होता आणि एस. आर. यांचा पहिला कागद त्याच वर्षीच्या जुलैचा. एकाही महिन्यात दोघांचे कागद सापडत नव्हते. मग एका मुलाने उत्तर दिशा दाखवणारे बाण शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही गठ्ठ्यांत बाणाचे टोक अर्धेच भरलेले होते आणि शेपटाकडे एक लहानसा आडवा छेद होता. चारचा आकडाही दोन्हींकडे वरून उघडा होता. ड्रॉइंगमध्ये अक्षरे शिकवून येतात, पण आकडे आणि बाण हे ज्याच्या त्याच्या हाताचे असतात, हे जुन्या ड्राफ्ट्समन मंडळींकडून मी अनेकदा ऐकले आहे. दोन गठ्ठ्यांमागचा हात एकच होता.

आम्ही चौघे आत्याआजींना भेटायला गेलो तेव्हा त्यांना या शोधाचे हसूच आले. लग्नात त्यांचे आडनाव बदलले, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे आले, आणि सासरच्या रिवाजाप्रमाणे तांदळाच्या ताटात नवे नाव लिहून पहिले नावही बदलले. “मे महिन्यात लग्न झालं, जूनभर रजा, आणि जुलैत परत टेबलावर बसले तर सही करायला हात थांबला गं,” असे त्या नातीला म्हणाल्या. कार्यालयात त्यांनी विचारले, तेव्हा नवे नाव लिहा असे सांगण्यात आले. अशा रीतीने पाच वर्षांचे काम एका बाईचे आणि पुढची तेरा वर्षे दुसऱ्या बाईची झाली, आणि त्या दोघींना जोडणारा एकही कागद कार्यालयात नव्हता.

महाराष्ट्रात स्त्रियांच्या कामाचा इतिहास लिहिणाऱ्याला हा अडथळा पावलोपावली येतो, आणि माझ्या मते त्याची चर्चा पुरेशी होत नाही. नावाचे तीनही भाग एका दिवसात बदलतात, आणि नोंदवही मात्र त्यांना दोन वेगळी माणसे समजत राहते. याच प्रश्नाकडे परत वळून आम्ही भिंतीवरचे फलक पाहिले. अमेरिकेतील वास्तुविशारद डेनिस स्कॉट ब्राउन यांनी १९५९ मध्ये अपघातात गेलेल्या पहिल्या पतीचे आडनाव पुढे वास्तुविशारद रॉबर्ट व्हेंचुरी यांच्याशी लग्न झाल्यावरही कायम ठेवले. तरीही वास्तुकलेतील सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार १९९१ मध्ये एकट्या व्हेंचुरी यांना मिळाला, आणि २०१३ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थिनींनी सुरू केलेल्या अर्जानंतरही परीक्षक मंडळाने तो निर्णय बदलला नाही. म्हणजे नाव टिकवले तरी श्रेय टिकतेच असे नाही. पण नाव तुटले तर शोधायला सुरुवात कोठून करायची हेच कळत नाही. आयरिश डिझायनर आयलीन ग्रे यांनी १९२६ ते १९२९ या काळात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर रोकब्रून येथे बांधलेल्या घराला ई-१०२७ हे नाव दिले. त्यात ई म्हणजे आयलीन, दहा म्हणजे वर्णमालेतील दहावे अक्षर जे, दोन म्हणजे बी, सात म्हणजे जी. ग्रे यांचे साथीदार, वास्तुविशारद ज्यां बादोव्हिची यांची आद्याक्षरे ग्रे यांच्या दोन आद्याक्षरांच्या मध्ये घेतलेली आहेत. प्रसिद्ध वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांनी १९३८-३९ मध्ये त्या घराच्या भिंतींवर ग्रे यांना न विचारता चित्रे रंगवली, आणि पुढे कित्येक वर्षे ते घर कधी बादोव्हिची यांचे तर कधी थेट कॉर्ब्युझिए यांचे म्हणून छापले गेले. जिच्या नावाने घराचे नाव सुरू होते तिचेच नाव गळले. ‘ग्रे यांचे प्रसिद्ध घर’ असा आमच्या फलकाचा आधीचा मथळा होता. तो बदलून विद्यार्थ्यांनी ते नाव कसे वाचायचे याची आकृती काढली.

इथवर विद्यार्थी उत्साहात होते, आणि त्या उत्साहातच अठराव्या फलकाचा पहिला मसुदा ‘कोल्हापूरची पहिली स्त्री आर्किटेक्ट’ या मथळ्याने तयार झाला. मी तो परत केला. आत्याआजी आयटीआयचा दोन वर्षांचा आरेखकाचा अभ्यासक्रम पूर्ण करून १९७० मध्ये कार्यालयात लागल्या होत्या. आपल्याकडे आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट १९७२ मध्ये आला, आणि त्यानुसार ही उपाधी नोंदणी झालेल्या व्यक्तीलाच लावता येते. त्या आर्किटेक्ट नव्हत्या आणि तसे त्यांनी कधी म्हटलेही नव्हते. ‘पहिली’ म्हणण्यासाठी तर शहरातील त्या काळच्या सर्व कार्यालयांचे कागद पाहायला हवेत, आणि आमच्याकडे एकच नळकांडे होते.

मुलींना हे लागले. एकीने विचारले, “मॅडम, इतकी वर्षं कोणी नाव घेतलं नाही, आणि आता आपणच कमी लिहायचं का?” प्रश्न रास्त होता आणि त्याला मी वर्गात पूर्ण तास दिला. ‘पहिली’ हा शब्द कशाची पहिली पायरी मोजतो हे प्रत्येक फलकावर तपासायचे ठरले. पेरिन मिस्त्री यांनी १९३६ मध्ये मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून वास्तुकलेची पदविका घेतली. त्यांना पहिली म्हणतात ते या शिक्षणामुळे, आणि वडिलांच्या फर्ममध्ये त्यांनी पुढे अनेक दशके काम केले ही बाब मात्र त्या एका शब्दाखाली झाकली जाते. श्रीलंकेच्या मिनेट डी सिल्वा १९४८ मध्ये ब्रिटनमधील वास्तुविशारदांच्या रॉयल इन्स्टिट्यूटच्या पहिल्या आशियाई स्त्री सदस्य झाल्या, ती पायरी व्यावसायिक मान्यतेची. त्याआधी मुंबईत शिकत असताना गांधीजींच्या अटकेनंतरच्या निदर्शनांत भाग घेतल्याबद्दल त्यांना जे. जे. सोडावे लागले होते, आणि ‘मार्ग’ या नियतकालिकाच्या १९४६ मधील स्थापनेत त्यांचा सहभाग होता. अमेरिकेच्या ज्युलिया मॉर्गन यांचे ‘पहिले’पण पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेतील वास्तुकलेच्या १९०२ च्या प्रमाणपत्राचे आहे. या सगळ्यांना एकच विशेषण लावले की कोणाला कोठे अडवले गेले आणि कोणी कोणता दरवाजा उघडला हे कळेनासे होते. विद्यार्थ्यांनी सर्व फलकांवरून ‘पहिली’ हा शब्द काढला आणि त्या जागी वर्ष, संस्था आणि नेमकी पायरी लिहिली. मजकूर लांबला, पण वाचताना अडखळायला होत नव्हते.

आत्याआजींशी सर्वांत जवळचे नाते सापडले ते अमेरिकेच्या मॅरियन माहनी यांच्या फलकाशी, आणि तो फलक आधीच्या यादीत नव्हता. माहनी १८९४ मध्ये एमआयटीतून पदवीधर झाल्या आणि प्रसिद्ध वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांच्या कार्यालयात त्यांनी दीर्घकाळ काम केले. १९१० मध्ये बर्लिनहून प्रसिद्ध झालेल्या ज्या चित्रसंचामुळे राइट यांची कीर्ती युरोपात पोहोचली, त्यातील कितीतरी चित्रे माहनी यांच्या हातची आहेत. पुढे त्यांचे पती वॉल्टर बर्ली ग्रिफिन यांनी १९१२ मध्ये कॅनबेराच्या नगररचनेची स्पर्धा जिंकली, तेव्हा परीक्षकांसमोर गेलेली भव्य रेखाचित्रेही माहनी यांनीच काढलेली होती. काढणारा हात आणि ठरवणारे डोके असे दोन कप्पे करून ठेवले की माहनी कायम पहिल्या कप्प्यात जातात. पण ज्याने कधी ड्रॉइंग टेबलावर काम केले आहे त्याला ठाऊक असते की पुष्कळ गोष्टी ठरतात त्या रेषा ओढतानाच. जिना किती पायऱ्यांचा आणि त्याचे वळण कोठे, हे साहेबांच्या कच्च्या आराखड्यात नसते. ते सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढताना डोके आपटते आहे असे दिसल्यावर ठरते.

मात्र हे एक सर्वसाधारण विधान झाले. आत्याआजींच्या बाबतीत ते दाखवून देणे भाग होते, आणि एकेचाळीसपैकी अडतीस कागदांवर तसा कोणताही पुरावा नव्हता. उरलेले तीन कागद ताराबाई पार्कातील एका बंगल्याचे, १९७८ सालचे, होते.

त्यांतील एक कागद केवळ स्वयंपाकघराचा. तोवर त्या कार्यालयाच्या सर्व घरांत स्वयंपाकाचा कट्टा सरसकट दोन फूट नऊ इंच उंचीचा असे. आधीच्या सोळा नकाशांत तोच आकडा येतो. या नकाशात मात्र कट्टा दोन पातळ्यांचा आहे. भांडी घासण्याची आणि चिरण्याची बाजू दोन फूट आठ इंचांवर आणि गॅसची बाजू दोन फूट तीन इंचांवर, साडेचार फूट लांब. ट्रेसिंगच्या मागे पेन्सिलने एका उभ्या स्त्रीची साधी आकृती आहे. कोपरापर्यंत उंची, शेगडीची उंची, पातेल्याची उंची असे तीन आकडे एकावर एक मांडले आहेत आणि बाजूला ‘भाकरी’ असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत. ते अक्षर त्यांचेच होते.

त्या दोन रेघांचा अर्थ आत्याआजींनी सांगितला. जमिनीवर बसून चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या बाईचा सगळा भार खांद्यातून खाली काठवटीवर येतो. गॅस आला, बाई उभी राहिली, आणि काठवट तिच्या छातीपर्यंत वर आली. भाकरी थापायची तर टाचा उंचवाव्या लागत, आणि शेगडीवर ठेवलेल्या मोठ्या पातेल्यात डोकावताना तोंडावर वाफ येई. पोळीच्या मुलखातल्या घराला हे तितके जाणवले नसते. ज्वारीची भाकरी रोज दोन्ही वेळा करणाऱ्या घराला जाणवत होते. शेगडी स्वतःच पाच-सहा इंच उंच असते, तेवढा कट्टा खाली गेला पाहिजे, हा त्यांचा साधा हिशेब होता. गवंडी काम करायला तयार नव्हता, कारण पायरी पडलेला कट्टा त्याच्या नजरेला चूक वाटत होता. मालकांनी सही केली आणि कट्टा तसाच झाला.

हे ऐकून एका विद्यार्थ्याने फलकावर ‘स्त्री असल्यामुळे स्वयंपाकघराची उपजत जाण’ असे वाक्य लिहिले. ते वाक्य खोडताना आम्हाला ऑस्ट्रियाच्या वास्तुविशारद मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांचा उपयोग झाला. १९२६ मध्ये फ्रँकफुर्टच्या गृहनिर्माण योजनेसाठी त्यांनी आखलेले १.९ मीटर बाय ३.४ मीटरचे स्वयंपाकघर जवळपास १०,००० घरांत बसवले गेले, आणि आजच्या सर्व बांधीव स्वयंपाकघरांचे मूळ तेथे आहे. ते आखेपर्यंत आपण कधी स्वयंपाक केलाच नव्हता, असे त्या नंतर स्वतः सांगत. त्यांनी पावले मोजली, हालचालींना लागणारा वेळ मोजला आणि आगगाडीच्या डब्यातील स्वयंपाकघराचा अभ्यास केला. तशीच पद्धत मिनेट डी सिल्वा यांनी कँडीजवळच्या वटापुलुवा वसाहतीसाठी वापरली. राहायला येणाऱ्या कुटुंबांना प्रश्नावली देऊन त्यांच्या उत्तरांवरून घरांचे प्रकार ठरवले. या दोघींनी आणि आत्याआजींनी केले ते निरीक्षण आणि मोजमाप. उपजत जाण म्हटले की त्यामागची मेहनत दिसत नाही.

कार्यालयाचे सध्याचे चालक, म्हणजे मूळ मालकांचे चिरंजीव, यांना आम्ही फलकाचा मसुदा दाखवला. वडील सर्व आराखडे स्वतः करीत असत, बाई फक्त ट्रेस करीत, असे त्यांचे प्रामाणिक मत होते. कार्यालयाचे त्या काळचे कागद शाहूपुरीत तळमजल्यावर होते आणि २०१९ च्या महापुरात गेले, त्यामुळे ताडून पाहायला काही नव्हते. त्यांनी कोठेही अडवणूक केली नाही. आठवड्याभराने वडिलांची घरी राहिलेली १९७८ ची साइट डायरी ते आपणहून घेऊन आले. तिच्यात त्या बंगल्याच्या नोंदीखाली कट्ट्याच्या दोन पातळ्यांची मापे होती आणि पुढे ‘बाईंच्या हिशेबाप्रमाणे’ असे तीन-चार शब्द होते. तेवढ्याने त्या एका कागदाचा प्रश्न सुटला. जिन्याच्या आणि मागच्या पडवीच्या कागदांबद्दल डायरीत काही नव्हते. त्या दोन्हींच्या मागे पेन्सिलचे हिशेब होते, पण डायरीसारखा दुसऱ्या बाजूचा पुरावा नव्हता. त्यांना ‘आरेखन’च्या यादीतच ठेवावे असे मी सुचवले. विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना ते पटले नाही आणि अजूनही पटलेले नाही.

शेवटी फलकावर असे लिहिले गेले : एकेचाळीस नकाशांचे आरेखन, १९७० ते १९८८, दोन नावांनी, एका स्वयंपाकघराची रचना, १९७८, तपासणी आणि सही, कार्यालयाचे मालक. दोन्ही आद्याक्षरे शेजारी शेजारी मोठी करून छापली आणि मधोमध तो अर्धा भरलेला उत्तरेचा बाण ठेवला. आत्याआजींच्या इच्छेनुसार त्यांचे पूर्ण नाव छापले नाही. तसे असूनही हे श्रेयच आहे असे मला वाटते. कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठी शालिनी पॅलेस राजकन्येच्या नावाने ओळखला जातो, आणि ते नाव रोज शेकडो माणसे उच्चारतात. पण वास्तूला स्त्रीचे नाव देणे आणि वास्तूतील स्त्रीचे काम नोंदवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आम्हाला दुसरी करायची होती.

उरलेल्या फलकांतही फरक पडला. जर्मन डिझायनर लिली राइख यांच्या फलकावर ‘मीस व्हान डर रोह यांच्या सहकारी’ एवढेच होते. तेथे आता १९२९ च्या बार्सिलोना प्रदर्शनातील जर्मन विभागाच्या मांडणीची जबाबदारी मीस यांच्याबरोबर त्यांच्यावरही होती हे आले. आणि मीस अमेरिकेला गेल्यावर युद्धकाळात त्यांची रेखाटने सुरक्षित राहिली ती राइख यांनी बर्लिनबाहेर हलवल्यामुळे, हेही आले. माळ्यावरचे पत्र्याचे नळकांडे हाताळून झालेल्या मुलांनी ती ओळ स्वतः शोधून घातली होती.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याआजी नातीचा हात धरून आल्या. चश्मा पुसून त्यांनी आपला फलक वरपासून खालपर्यंत वाचला, कट्ट्याच्या सेक्शनपाशी थांबल्या आणि पेन्सिलच्या आकृतीवर बोट ठेवून म्हणाल्या, “ही मी नाही. मी चांगली उंच होते.” कोपराचे माप त्या बंगल्यातील थोरल्या सुनेचे होते. ती रविवारी सकाळी अर्धवट बांधलेल्या स्वयंपाकघरात विटांच्या थरावर काठवट ठेवून उभी राहिली होती. एक एक वीट काढत गेले आणि हात सरळ पडला तेव्हा तिने “आता बास” म्हटले होते. तो दोन फूट तीन इंचांचा आकडा तेथून आला होता. संध्याकाळी दालन बंद होण्यापूर्वी मुलांनी छापील चिठ्ठी चिकटवून फलकात एक ओळ वाढवली : ‘माप : घरातील थोरली सून, १९७८.’